पान एकशे बारावरचा शब्द

३ मार्च

दादा,

तुझ्या पुस्तकाचं पान एकशे बारा कंपनीने माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून लावलं आहे. काल संध्याकाळी युनियनच्या बाईंनी फाइल स्वतः उघडून पाहिली आणि तसं मला सांगितलं. ‘पुरावा क’ असं त्याला नाव दिलंय. वरच्या कोपऱ्यात तुझं नाव, आणि माझंच आडनाव. कंपनीच्या वकिलाला ते आडनाव पाहून हसू आवरेना म्हणे.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

मी इस्त्रीच्या रुळांवर काम करते हे तुला माहीत आहे. हॉस्पिटलांच्या चादरी धुऊन येतात, त्या दोघींनी दोन टोकांना धरून तापल्या रुळांत सोडायच्या. आपल्या देशाच्या आम्ही सहा जणी आहोत. फेब्रुवारीत सुपरवायझरने पाळ्यांचा नवा तक्ता भिंतीवर लावला. इतरांची नावं होती. आमच्या जागी लिहिलं होतं ‘बरंबर १’ ते ‘बरंबर ६’. मी चार. मी विचारलं तेव्हा म्हणाला, तुमची नावं लांब आहेत, रकान्यात मावत नाहीत. तिथे एका बाईचं नाव माझ्या दुप्पट लांबीचं आहे, ते दोन ओळींत मावलं होतं.

आमच्यातल्या दोघी हसल्या. तू कितवी, मी कितवी, असं चाललं त्यांचं. जी नवी आलीये ती हसली नाही. तिने आपला आकडा तळहातावर पेनाने लिहून घेतला, विसरायला नको म्हणून. तो तळहात पाहिला आणि मी लेखी तक्रार दिली.

कंपनीचं उत्तर असं की बरंबर हा लाडाचा शब्द आहे, खुद्द तक्रारदाराच्या देशातल्या विद्वानाने तसं लिहिलं आहे, तेव्हा तक्रार आकसाने केली आहे. इथल्या मासिकात तुझ्या पुस्तकाची चार पानं भाषांतर होऊन आली होती, त्याचं कात्रण तूच मला कौतुकाने पाठवलं होतंस. तेच.

चौकशी समितीची बैठक ८ मेला आहे. तक्रार आकसाची ठरली तर नोकरी जाते. नोकरी गेली की साठ दिवसांत हा देश सोडायचा. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे.

मला तुझ्याकडून एक कागद हवाय, सहीचा. त्यात लिही की हा शब्द लाडाचा नाही.

चिंगी

---

१३ मार्च

प्रिय चिंगे,

तुझं पत्र वाचून आधी काळजी वाटली आणि मग, खरं सांगतो, थोडी गंमतही वाटली. माझं पुस्तक कुणी पुरावा म्हणून वापरेल एवढं ते महत्त्वाचं आहे हे आमच्या कोश-कार्यालयात अजून कुणाला पटलेलं नाही.

जरा शांतपणे बघ. देशांना आणि तिथल्या लोकांना पडलेली टोपणनावं मी बावीस वर्षं जमवतोय. काकांच्या पेटीत आता कार्डांना जागा उरलेली नाही. त्यांतून एक गोष्ट मला कळली आहे. कुणाला त्यांच्या खाण्यावरून नाव पडतं, कुणाला टोपीवरून, कुणाला त्यांच्यात घरोघरी सापडणाऱ्या एखाद्या नावावरून, आणि कुणाला सारख्या तोंडात असलेल्या शब्दावरून. आपलं चौथ्या प्रकारातलं. नोंद पुन्हा उतरवून देतो:

‘बरंबर (माणूस), बरंबरी (देश) : आपले लोक व आपला देश यांना तिकडे लाडाने म्हणतात. धुलाई कारखान्यात गेलेली आपली पहिली माणसं कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला प्रत्येक गोष्टीला “बरं, बरं” म्हणत. तिला ते इतकं आवडलं की तिने हे नाव दिलं. निरुपद्रवी, सौम्य विनोदी.’

हे मला कुणी परक्याने सांगितलेलं नाही. अण्णांनी सांगितलेलं आहे, जे तू आहेस त्याच कारखान्यात चार वर्षं होते. मजा म्हणजे अण्णा स्वतः कधी ‘बरं’ म्हणत नसत. आठव, काही सांगितलं की ते ‘ऐकलं’ म्हणायचे. आई चिडायची, अहो हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा. तरी त्या बेकरीवालीची गोष्ट ते किती रंगवून सांगायचे.

तुझा सुपरवायझर मूर्ख आहे, यात वाद नाही. पण त्याचा मूर्खपणा शब्दाच्या माथी कशाला? मी तुला चिंगी म्हणतो, तुला कुठे राग येतो? आणि आपण त्यांना ‘लालकाने’ म्हणतोच की. पान एकशे चाळीस. त्यावर कुणी तक्रार केलेली नाही.

दुसरी आवृत्ती छापायला गेली आहे. तुझ्यासाठी नोंद बदलली तर उद्या प्रत्येक जण आपापल्या नोंदीवर भांडत येईल. तू त्या माणसाशी समोरासमोर बोल. वाद मिटेल.

लेकीला आशीर्वाद. आई बरी आहे, डोळ्यांत थेंब घालायला मात्र भांडते.

तुझा,
दादा

---

२७ मार्च

दादा,

आधी चिंगीचं. तू मला चिंगी म्हणतोस तेव्हा मी तुला दाद्या म्हणू शकते, तुझी चप्पल लपवू शकते आणि आईकडे तुझी चुगली करू शकते. सुपरवायझरला मी काय म्हणू? पाठीमागे लालकाना म्हणते, हो. समोर साहेब म्हणते. एवढा फरक तुला बावीस वर्षांत दिसला नसेल तर ती कार्डं विकून टाक.

आता बेकरीवाली. मी तिला शोधायला गेले. अण्णांनी वर्णन केलेल्या कोपऱ्यावर उभी राहिले. एका बाजूला कारखान्याची भिंत आहे, दुसऱ्या बाजूला कालवा. बेकरी कुठे असेल, पाण्यात? पालिकेच्या नकाशाघरात जाऊन जुने नकाशे पाहिले. साठ वर्षांत तिथे कधी दुकान नव्हतं. तिथल्या कारकुनाने मला दोनदा विचारलं, तुम्ही नक्की बेकरीच शोधताय ना.

मग युनियनच्या बाईंनी एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. तो पूर्वी धुलाईच्या ड्रमांवर मशीनवाला होता. एका खोलीत एकटा राहतो, खिडकीत दोन रिकाम्या कुंड्या. मी कुठली हे कळल्यावर त्याने आधी खुर्ची पुसली. मी विचारलं, बरंबर शब्द कुठून आला? त्याने खिडकीतली एक कुंडी फिरवून ठेवली. मग म्हणाला, माझ्या ड्रममधून.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुला पुरावे जसेच्या तसे लागतात.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन नंबरच्या ड्रममध्ये चादरींना पीळ पडून गोळा झाला होता. तो सोडवायला आपला एक माणूस आत शिरला. दुसरा आपलाच माणूस बाहेर दाराशी उभा होता. मशीनवाला मागच्या बाजूला, चालू करायच्या दांड्यापाशी. त्याला पुढचं दिसत नव्हतं. त्याने ओरडून विचारलं, चालू करू का? दाराशी होता तो म्हणाला, बरं.

म्हातारा म्हणाला, ‘आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, तुमच्याकडे बरं म्हणजे हो. मी दांडा ओढला.’

दादा, आपण कुणी हाक मारली, काही विचारलं, की आधी काय म्हणतो? बरं. म्हणजे ऐकलं, थांब, बघतो. दाराशी उभा होता त्याने तेवढंच म्हटलं आणि आतल्याला बाहेर ये म्हणून सांगायला वळला. आतला माणूस तिसऱ्या दिवशी गेला.

कंपनीच्या अहवालात एक ओळ आहे, सोबत्याने होकार दिला. मशीनवाल्याला कुणी विचारलं नाही की न पाहता दांडा का ओढला. कंपनीला कुणी विचारलं नाही की दाराला कुलूप का नव्हतं. त्या महिन्यात कुलूप आलं, आणि नाव आलं. कँटीनमध्ये आपला कुणीही दिसला की टेबलावरून आवाज यायचा, काय रे, आत कोणी आहे का? आणि बाकीचे एका सुरात, बरं-बरं. तिथून ते गावभर झालं, मग वर्तमानपत्रात गेलं, मग आपल्या अख्ख्या देशाला बरंबरी म्हणायला लागले. लाडाने.

मी विचारलं, नाव तुम्ही काढलंत? नाही म्हणाला. पण एकदा हसलो होतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, तुम्ही आम्हाला काय म्हणता? मी सांगितलं. त्याने हात वर नेऊन स्वतःचा कान चाचपला.

दाराशी उभा होता त्याचं नाव मी विचारलं. चार वर्षं दोघं एकाच ड्रमवर होते. त्याला नाव माहीत नाही. ‘आम्ही सगळ्यांना बरंबरच म्हणायला लागलो होतो,’ एवढंच. उंच होता, म्हणाला. गाठोडी मोजायला कानामागे खडूचा तुकडा ठेवायचा. त्या दिवशी भोंगा वाजून सगळे गेले तरी तो तिथेच होता, बाहीने ड्रमची काच पुसत.

पुढे मी काही विचारलं नाही. तू आईला विचार, अण्णांची तिकडची नोकरी का सुटली.

आणि कागद पाठव.

चिंगी

---

६ एप्रिल

चि. चिंगीस,

पत्र पोचलं.

आईला विचारलं. तिला आता जुनं काही आठवत नाही. तिला या गोष्टीत ओढू नये असं मला वाटतं.

तू जे लिहिलं आहेस ती एका म्हाताऱ्या माणसाची, पस्तीस वर्षांनंतरची, तोंडी साक्ष आहे. आमच्या कामाचा नियम आहे, एका साक्षीवर नोंद बदलत नाही. कानामागे खडू ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. तुझ्या मनात जे आलं आहे ते मी कागदावर लिहिणार नाही, तूही लिहू नकोस. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

माझा सल्ला असा की तक्रार मागे घे. सुपरवायझरने तक्ता बदलला आणि तोंडी दिलगिरी व्यक्त केली की पुरे. मी कंपनीला एक सौजन्याचं पत्र लिहू शकतो, की शब्द निरुपद्रवी असला तरी कामाच्या जागी नावं वापरावीत. त्याने दोन्ही बाजूंची अब्रू राहील.

दादा

---

८ एप्रिल

माझी लाडकी लेक,

अक्षर लागत नसेल तर उन्हात धरून वाच. डोळ्यांत थेंब घातले की दोन तास बरं दिसतं, त्यात लिहिते आहे. पत्र शेजारची सूनबाई टाकणार आहे, तुझ्या दादाला माहीत नाही.

दादाने मला काही विचारलं नाही. तुझं पत्र आलं ते त्याने शर्टाच्या खिशात घातलं आणि जेवताना चष्मा उलटा लावून बसला. मी समजले. मग तो ऑफिसला गेल्यावर शर्ट धुवायला काढताना पत्र काढून वाचलं. आईने वाचलं तर पाप लागत नाही.

तो दाराशी उभा होता ते तुझे अण्णा. मला त्यांनी परत आले त्या आठवड्यात सांगितलं, एकदाच. आत होता तो त्यांचा जिवाभावाचा मित्र. त्याच्या मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून त्याची पेटी अण्णांनी आपल्या घरी आणली. तुम्ही दोघं लहानपणी तिला काकांची पेटी म्हणायचात, कुठले काका हे कधी विचारलं नाहीत. तुझा दादा आता तीत आपली कार्डं ठेवतो.

त्यानंतर अण्णा कधी बरं म्हणाले नाहीत. मी डोकेदुखी सांगितली तरी ऐकलं, पोर पहिल्या नंबराने पास झाली तरी ऐकलं. मी इतकी भांडायचे त्यांच्याशी. मला माहीत होतं का ते, आणि तरी भांडायचे, कारण बाईमाणसाला कधी तरी बरं ऐकावंसं वाटतं.

बेकरीवालीची गोष्ट त्यांनी तुमच्यासाठी रचली. तू शाळेत असताना विचारलं होतंस, अण्णा, तिकडे तुम्हाला काय म्हणायचे. खरं सांगायचं नव्हतं तर गप्प राहायचं, खोटं सांगायला नको होतं. मी ऐकत होते, मीही काही बोलले नाही.

आणखी एक. दादाला हे आधीपासून माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याने वर्तमानपत्रातून अशी नावं मागवली होती, तेव्हा एका वाचकाचं पत्र आलं होतं, निळ्या पाकिटात. अण्णा तेव्हा होते. दाराआड काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पाकीट पेटीच्या तळाशी आहे, मी परवाच हात घालून पाहिलं.

तक्रार मागे घेऊ नकोस. अण्णांनी सही करून दिली होती त्या अहवालावर, त्यात काय लिहिलंय हे न कळता. तुला सगळं कळतंय, तू माघारीच्या कागदावर सही करू नकोस.

नातीला गालावर पापा.

आई

---

१८ एप्रिल

दादा,

आईचं पत्र आलं. तिला रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

एका साक्षीवर नोंद बदलत नाही म्हणालास. दुसरी साक्ष नऊ वर्षं तुझ्या कार्डांखाली पडून होती. माणूस चुकला तर मी समजते. तू चुकला नाहीस. तुला शब्दाचा अर्थ माहीत होता, तो कुठे, कुणाच्या जिवावर तयार झाला हे माहीत होतं, आणि तू त्यावर ‘निरुपद्रवी’ असा शिक्का मारलास. तेच पान हातात धरून आज ते मला खोटारडी ठरवताहेत. तू म्हणशील, अण्णांची अब्रू वाचवत होतो. कुणापासून? अण्णांनी काही केलंच नव्हतं. त्यांच्या ‘बरं’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच होता. त्यांचा दोष आहे असं आजवर दोनच ठिकाणी धरलं गेलं, एक त्या कंपनीच्या अहवालात आणि दुसरं तुझ्या डोक्यात.

इथे काय झालं तेही ऐक. ज्या दोघी हसल्या होत्या त्यांना मी ड्रमची गोष्ट सांगितली. तीन नंबरचा ड्रम अजून आहे, नवं पत्र्याचं आवरण घातलंय एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्त्यावरचे आपापले आकडे खोडून नावं लिहिली. सुपरवायझरने तक्ता बदलून पुन्हा आकडे टाकले. त्यांनी पुन्हा खोडले. आता तक्ता काचेच्या कपाटात कुलपात आहे. या कारखान्याला कुलूप नेहमी उशिरा आणि चुकीच्या जागी सुचतं.

नव्या मुलीने मला विचारलं, ताई, मग आपण बरं म्हणायचंच नाही का? आपल्याच तोंडातला शब्द आपल्यालाच जपून वापरायला लागावा, यासारखा संताप नाही.

निळं पाकीट पाठव. तुझा कागद पाठव. आठ तारखेच्या आत. नाही आलं तर मी समितीसमोर सांगेन की या पुस्तकाचा लेखक माझा भाऊ आहे आणि त्याने हे जाणूनबुजून लिहिलं.

बरंबर ४

---

२८ एप्रिल

प्रिय,

काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून जागा सोडली आहे.

हे कुरियरने पाठवतो आहे. सोबत निळं पाकीट, मूळ पत्रासकट. पत्र लिहिणारा गाठोडी उचलणारा होता, त्या दिवशी पलीकडच्या ओट्यावर होता. त्याने अण्णांचं नाव लिहिलं आहे आणि ‘तो बरं म्हणाला आणि वळला, वळताना मी पाहिला’ असंही लिहिलं आहे. हा माणूस आता हयात नाही, मी चौकशी केली. सोबत माझं निवेदन आहे, नोटरीपुढे सही केलेलं, आणि त्याचं अधिकृत भाषांतर. त्यात मी लिहिलं आहे की नोंद खोटी आहे आणि ती छापताना मला ते माहीत होतं. ‘गैरसमजातून’ असा शब्द मी आधी घातला होता. आई शेजारी बसली होती. तिने वाचायला सांगितलं, आणि तो शब्द आल्यावर नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खोडला.

नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते आता तुला सांगायला हवं. पत्र आलं तेव्हा मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते खिडकीची काच पुसत होते, बाहीनेच. मी शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, ‘ऐकलं.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून बेकरीवालीची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी तिच्या केसांना रंग होता, ओढणीला बुट्ट्या होत्या, आणि तिकडे बायका ओढणी घेत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला इतका राग आला होता. वाटलं, मला कोशवाल्याला, स्वतःच्या मुलाला, तोंडावर खोटं सांगताहेत. मी रागाने कार्ड पुढे ओढलं आणि ते सांगत गेले तसं लिहून घेतलं. शेवटी ‘निरुपद्रवी’ लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, आता तुमची गोष्ट छापून येईल, बघा. तेव्हाही ते ऐकलं म्हणाले.

मी ती नोंद त्यांना वाचवायला केली नव्हती. त्यांना चिडवायला केली होती. मग ते गेले, आणि मी स्वतःला सांगत राहिलो की वाचवायला केली. तुझं पत्र आलं तोपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसला होता.

छापखान्यात गेलो. त्या पानाचा फॉर्म मशीनवर चढलेला होता. छपाईवाला म्हणाला, साहेब, एका शब्दासाठी सोळा पानं उतरवायची? मी हो म्हणालो. तो म्हणाला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही नुसतं हो म्हणालात, नाहीतर अर्धा तास भाषण असतं. नवी नोंद अशी आहे:

‘बरंबर (माणूस), बरंबरी (देश) : आपले लोक व आपला देश यांना तिकडे हिणवून म्हणतात. धुलाई कारखान्यातल्या अपघातात एका कामगाराच्या “बरं” (म्हणजे ऐकलं, थांबा) या उत्तराचा होकार असा अर्थ लावून मृत्यूचं खापर त्याच्यावर फोडलं गेलं. त्या थट्टेतून हा शब्द आला. ज्यांनी हो म्हटलेलं नसताना हो म्हटल्याचं धरलं जातं, ते. अपमानकारक.’

लालकानेही पाहिलं. तिथेही ‘निरुपद्रवी’ होतं. कुणाला विचारून लिहिलं होतं हे मला सांगता आलं नाही, म्हणून ते काढलं.

पेटी रिकामी केली आहे. कार्डं बुटांच्या खोक्यांत आहेत. आईने पेटी पुसून तिच्या खोलीत नेली. काकांचं नाव झाकणाच्या आत कोरलेलं होतं, बावीस वर्षं माझ्या कार्डांच्या गठ्ठ्यामागे.

दादा

---

६ मे

दादा,

पाकीट आणि निवेदन काल पोचलं. युनियनच्या बाईंनी आज सकाळी ते समितीच्या कचेरीत दाखल केलं आणि पोच घेतली. ‘पुरावा ट’. कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली की भाऊ आहे, पक्षपाती आहे. बाई म्हणाल्या, तीन महिने तो विद्वान होता, आज भाऊ झाला का? हरकत नोंदवून घेतली आहे, निकाल बैठकीत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नवी नोंद चांगली आहे. नऊ वर्षांपूर्वीही तुला ती लिहिता आली असती. अण्णा तेव्हा खिडकीपाशी उभे होते. तू त्यांना सांगू शकला असतास की चूक तुमची नव्हती. त्यांना ते कुणीच कधी सांगितलं नाही. हे मी विसरणार नाही, आणि तुला विसरू देणार नाही. चिंगी म्हणायची परवानगी अजून नाही. विचार करते आहे.

परवा, गुरुवारी, साडेनऊला बैठक. जागा कँटीनचीच आहे, टेबलं जोडून. मशीनवाला येणार आहे. त्याने स्वतः फोन करून सांगितलं, कोट इस्त्रीला दिलाय म्हणे. त्याला मी अण्णांचं नाव लिहून दिलं आहे, त्याच्या लिपीत, उच्चार तोडून तोडून. फोनवर त्याने ते पाच वेळा म्हणून दाखवलं. दोनदा चुकला. गुरुवारपर्यंत बसेल म्हणाला.

आम्ही सहाही जणी जाणार आहोत. ते मला विचारणार, तुम्ही आमच्या लोकांना लालकाने म्हणता की नाही? मी हो सांगणार आहे. खरं आहे ते, आणि आता मला ते म्हणावंसं वाटत नाही हेही खरं आहे.

निकाल कुठेही जाऊ शकतो असं बाई म्हणाल्या. तिघांपैकी एक आपल्या बाजूने आहे, एक कंपनीचा, तिसऱ्याबद्दल कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत तोल कळेल म्हणतात. बैठक सुरू होताना अध्यक्ष नियम वाचून दाखवतो आणि तक्रारदाराला विचारतो, हे समजलं का, मान्य आहे का? बहुतेक जण घाईघाईत हो म्हणून टाकतात, आणि मग त्या होकारात काय काय होतं ते नंतर कळतं. बाईंनी मला दोनदा बजावलं, तिथे सांभाळून उत्तर द्या, तुमच्या तोंडून जे निघेल ते लिहून घेतलं जाईल.

मी काय म्हणणार ते मी ठरवलं आहे. अध्यक्ष वाचून संपवेल, लिहिणारी मुलगी पेन उचलेल, आणि मी आपल्या भाषेत ‘ऐकलं’ म्हणेन. मग दुभाषाला सांगेन, याचा अर्थ नीट लिहा.

तुझी बहीण